छापील किंमत, उधारीची वही आणि आपण

(सामुदायिक रेडिओवर बचत गटांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

शेतातून आलेल्या, शेतात निघालेल्या, भांडी घासता घासता रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या जणींना माझा रामराम.

मागच्या वेळी आपण गटाचं दप्तर कसं लिहायचं ते बोललो. आजचा विषय त्याहून रोजचा आहे, किराणा दुकानाचा. दुकानात आपले पैसे कुठे जास्त जातात, कायदा आपल्याला कुठपर्यंत सांभाळतो आणि त्याच्या पुढे आपलं आपल्यालाच कुठे सांभाळावं लागतं, एवढं आज बघू.

सुरुवात आमच्या एका गटाच्या मीटिंगपासून करते. बचत गोळा करून झाली होती, कर्जाचे हप्ते चालले होते. एक काकी म्हणाल्या, "ताई, बचत देते, पण हप्ता नाही व्हायचा. दुकानाची उधारी भागवली." सलग तिसऱ्या महिन्यात हेच ऐकत होते. मी विचारलं, "काकी, उधारी किती झाली होती?"

"चौतीसशे."

"कशाकशाची?"

काकी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "ते काय मला म्हाईत? वही त्याच्याकडं असती. तो बेरीज सांगतो, मी पैसे देते."

तिथे बसलेल्या बायांमध्ये निम्म्या जणींची तीच गत होती. मग आम्ही एक गंमत केली. चहापत्ती सगळ्यांकडे एकाच कंपनीची, पाव किलोचा पुडा. चौघींना सांगितलं, घरी जाऊन पुडा घेऊन या. चारही पुड्यांवर छापील किंमत १५० रुपये. एकीने गावातल्या दुकानात दीडशे दिले होते. दुसरीने वरच्या आळीच्या दुकानात १४५ दिले होते. तिसरीने बाजाराच्या दिवशी तालुक्याला १३८ ला घेतला होता. चौथ्या होत्या काकी. त्यांना किंमत माहीत नव्हती. दुसऱ्या दिवशी दोघीतिघी मिळून दुकानात गेलो, वही बघितली. काकींच्या नावावर १५० लावलेले होते.

आता नीट ऐका. त्या दुकानदाराने कायदा मोडला होता का? नाही. दीडशेची किंमत छापलेली होती, त्याने दीडशे घेतले. तरीही एकाच वस्तीतल्या दोन बायांनी एकाच पुड्याला वेगवेगळे पैसे मोजले, आणि ज्या बाईकडे पैसे सगळ्यात कमी तिनेच ते जास्त दिले. आजचं माझं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवती आहे.

छापील किंमत म्हणजे काय

पुड्यावर एमआरपी लिहिलेली असते. तिला मराठीत कमाल किरकोळ किंमत म्हणतात. यातला 'कमाल' हा शब्द महत्त्वाचा. कमाल म्हणजे जास्तीत जास्त. याच्यापेक्षा वर जायचं नाही, एवढंच तो शब्द सांगतो. याच्या खाली विकायला दुकानदाराला कसलीही बंदी नाही. आपण मात्र ती किंमत सरकारने ठरवून दिलेला भाव असल्यासारखी मानतो. चहा, साबण, बिस्किट यांच्या किमती सरकार ठरवत नाही, कंपनी ठरवते आणि छापते. कंपनीकडून दुकानापर्यंत माल येताना मधल्या प्रत्येकाचा नफा त्या छापील किमतीत आधीच धरलेला असतो. त्या नफ्यातून थोडं सोडायचं की नाही, हे दुकानदाराच्या हातात असतं.

तो केव्हा सोडतो? शेजारच्या दुकानात गिऱ्हाईक जाईल अशी धास्ती असली तर. तालुक्याला तीन मोठी दुकानं समोरासमोर आहेत, म्हणून तिथे पुडा १३८ ला मिळतो. गावात एकच दुकान असेल, किंवा आपण कुठे जाणारच नाही हे दुकानदाराला ठाऊक असेल, तर त्याने का सोडावं? तोही संसार चालवायलाच बसलाय.

म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छापील किमतीच्या वर जाऊ न देणं हे कायद्याचं काम. छापील किमतीच्या खाली भाव आणणं हे दुकानादुकानांतल्या चढाओढीचं काम. आणि ही चढाओढ आपण विचारल्याशिवाय, दुसरं दुकान बघितल्याशिवाय होत नाही.

आधी कायद्याचं

वैधमापन नावाचा कायदा आहे, २००९ सालचा. त्याखाली पाकीटबंद मालाचे नियम २०११ साली आले. पाकिटावर माल बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, मालाचं निव्वळ वजन किंवा माप, महिना-वर्ष, सगळे कर धरून किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असलाच पाहिजे. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं हा गुन्हा आहे.

तरी जास्त कुठे घेतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. यात्रेत, एसटी स्टँडवर, थंड बाटलीवर. "फ्रिजचे पाच रुपये वेगळे," असं म्हणतात. मैत्रिणींनो, गार करण्याचे वेगळे पैसे दुकानात मागता येत नाहीत. दुधाच्या पिशवीवर एक-दोन रुपये जास्त घेतात, तेही चालत नाही. वेगळं आहे ते एवढंच, की हॉटेलात टेबलावर बसून बाटली मागवली तर तिथल्या बसण्या-वाढण्याच्या सेवेमुळे हॉटेलवाला छापील किमतीपेक्षा जास्त लावू शकतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला आहे. दुकानाला आणि टपरीला ही सवलत नाही.

माझीच गोष्ट सांगते. गेल्या यात्रेत पोरांसाठी थंड बाटली घेतली. छापील २० रुपये, त्याने २५ मागितले. मी बी.ए. झालेली, गावोगाव फिरून बायांना हक्क सांगणारी. पण मागे रांग होती, पोरं ओढत होती, आणि पाच रुपयांसाठी कुठे वाद घालायचा असं वाटलं. गुपचूप २५ दिले. घरी येऊन विचार केला, त्या टपरीवर दिवसभरात किती बाटल्या गेल्या असतील? त्याचा धंदा आपल्या या 'कुठे वाद घालायचा' वरच चाललेला असतो. म्हणून तुम्हाला सांगताना मला माझी चूकही सांगावीशी वाटली.

पुड्यावर चिकटपट्टी लावलेली असेल तर तीही बघा. किंमत कमी करण्यासाठी लावलेली पट्टी चालते, पण तिने जुनी किंमत झाकायची नसते. पट्टी लावून किंमत वाढवणं साधारणपणे चालत नाही.

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून बऱ्याच वस्तूंवरचा जीएसटी कमी झाला. साबणाची वडी, टूथपेस्ट, केसांचं तेल, शाम्पू यांवर १८ टक्के कर होता, तो ५ टक्के झाला. म्हणजे कर सोडून शंभर रुपयांचा जो माल ११८ ला पडायचा, तो १०५ ला पडायला हवा. ज्या बायांना हे माहीत होतं त्यांनी दुकानात विचारलं, "यात कर कमी झालाय ना?" ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी मुकाट्याने जुन्याच किमतीने माल घेतला असेल. कर सरकारने कमी केला तरी तो आपल्या पिशवीपर्यंत आलाय का, हे बघणारी शेवटची माणूस आपणच.

सुट्ट्या मालाला छापील किंमत नसते. तिथे काटा बघायचा. प्रत्येक काट्याची सरकारी तपासणी होऊन त्यावर शिक्का मारलेला असतो. दुकानदार याला 'काटा पासिंग' म्हणतात. इलेक्ट्रॉनिक काट्याची ही तपासणी दरवर्षी करावी लागते, आणि तिचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावायचं असतं. माल ठेवण्याआधी काट्यावर शून्य आहे का, ते बघा. मिठाईच्या खोक्याचं वजन मिठाईत धरलं जात नाही ना, तेही बघा.

किंमत बघताना वजनही बघा

आता चढाओढीकडे येते. समजा आपण दोन दुकानं बघितली, तरी फसायला होतं ते वजनात. पूर्वी तेल, चहा, बिस्किट अशा ठरावीक वस्तू ठरावीक वजनातच भराव्या लागायच्या. तो नियम आता नाही. कंपनी हव्या त्या वजनाची पिशवी काढू शकते.

तेलाचंच बघा. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. पण बाजारात ८५०, ८४० ग्रॅम, त्याहूनही कमी वजनाच्या पिशव्या आहेत. दिसायला सगळ्या सारख्याच. समजा एका पिशवीची किंमत १४० रुपये, वजन ९१० ग्रॅम. दुसरीची किंमत १३४, वजन ८४० ग्रॅम. आपण म्हणणार, सहा रुपये वाचले. आता भागाकार करा. पहिली पिशवी १०० ग्रॅमला १५ रुपये ३८ पैसे पडते. दुसरी १५ रुपये ९५ पैसे. स्वस्त दिसणारी पिशवी किलोमागे साडेपाच रुपयांच्या वर महाग आहे.

हा भागाकार आपल्याला करावा लागू नये म्हणून आता नियम केलाय. पाकिटावर एका ग्रॅमची किंवा एका किलोची, एका मिलिलिटरची किंवा एका लिटरची किंमतही छापावी लागते. पाकिटावर ती इंग्रजीत यूएसपी अशी तीन अक्षरं घालून, बारीक टाइपात, किमतीच्या आसपास असते. दोन पाकिटांवरचे ते दोन आकडे शेजारी धरून बघा. आपल्याला दिसत नसेल तर शाळेतल्या पोरीला सांगा, ती पटकन वाचेल.

'एकावर एक फुकट'चंही तसंच. आपल्याला एकच लागत होतं आणि दोन घेतले, तर फुकट काहीच मिळालं नाही. आणि तालुक्याला जायचं तर गाडीभाडंही भावात धरा. आपल्याला एसटीत निम्मं तिकीट आहे, त्यामुळे जाणं थोडं परवडतं. पण वडापने जाऊन-येऊन साठ रुपये घालवले आणि मालात चाळीस वाचवले, तर तो सौदा तोट्याचा. गावातलं दुकान दोन रुपये महाग असूनही कधी कधी तेच स्वस्त पडतं.

उधारीच्या वहीत काय लपलेलं असतं

आता मूळ दुखण्याकडे येते. मी काकींना हे सगळं सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "ताई, तुझं सगळं खरं. पण मी त्याला कुठल्या तोंडानं म्हणू, पाच रुपये कमी कर? चौतीसशे अंगावर हायेत. आणि दुसऱ्या दुकानात गेले तर हा म्हणायचा, आधी माझं चुकतं कर."

अगदी खरं आहे. गावात तीन दुकानं असली तरी जिची उधारी एका वहीत अडकली आहे तिच्यासाठी दुकान एकच असतं. ज्या बाईला दुसरीकडे जाता येत नाही, तिच्यासाठी कोणी भाव पाडत नाही. तिला भाव विचारायचीही सोय नसते.

दुकानदाराला मी दोष देत नाही. दवाखान्याच्या वेळी, पाऊस लांबला त्या वर्षी, त्याच वहीने आपल्या घरात पीठ-मीठ आलं आहे. त्याचेही पैसे अडकतात, बुडतातही. तो त्याची किंमत मालात लावतो. आपण ती किंमत मोजत नाही, म्हणून ती दिसत नाही. आता ती मोजू.

धरून चाला, महिन्याला ३,००० रुपयांचा किराणा लागतो. रोख घेतला आणि दोन दुकानं बघितली, तर सगळ्याच नाही पण पुष्कळ वस्तूंवर थोडं थोडं सुटतं. शेकडा सहा रुपये सुटले तर महिन्याला १८० रुपये. म्हणजे एका महिन्याच्या उधारीला आपण शेकडा सहा रुपये देतोय. आपल्या गटाच्या अंतर्गत कर्जाला व्याज किती? कुठे महिन्याला शेकडा एक, कुठे दोन. गटाच्या व्याजावर आपण मीटिंगमध्ये तासभर वाद घालतो, आणि वहीतलं व्याज न बोलता देतो!

म्हणून काकींच्या बाबतीत गटाने असं ठरवलं. त्यांना गटातून ३,००० रुपये कर्ज दिलं, ४०० त्यांनी दुधाच्या बिलातून घातले आणि वही एकदाची कोरी केली. कर्ज सहा हप्त्यांत, महिन्याला ५०० रुपये अधिक व्याज. शेकडा दोनने पहिल्या महिन्याचं व्याज ६०, मग ५०, मग ४०, असं सहा महिन्यांचं मिळून २१० रुपये. त्याच सहा महिन्यांत किराण्यात महिन्याला १८० वाचले, तर होतात १,०८०. आणि ते २१० रुपये गेले कुठे? आपल्याच गटात. वर्षाच्या शेवटी त्यातला वाटा काकींनाही मिळणार.

हे बोलायला सोपं आहे. पहिले चार महिने काकींची ओढाताण झाली, कारण रोखीने किराणाही आणायचा आणि हप्ताही भरायचा. एका महिन्यात तेल पाव-पाव लिटर आणलं. पण वही परत उघडली नाही.

ज्यांना उधारी अजिबात सोडवता येत नाही, त्यांनी निदान एक करा. घरात दुसरी वही ठेवा. माल घेताना तिथेच वस्तू, वजन, भाव, तारीख लिहून घ्या, किंवा दुकानदाराकडूनच लिहून घ्या. स्वतःला लिहिता येत नसेल तर पोरांना संध्याकाळी सांगून लिहा. महिन्याच्या शेवटी दोन वह्या शेजारी ठेवा. यात भांडण नाही, हिशेब आहे. चांगल्या दुकानदाराला त्याचा राग येत नाही.

एकटीने विचारणं आणि दहाजणींनी विचारणं

भावासाठी बायांनी एकत्र येणं ही आपल्या राज्यात नवी गोष्ट नाही. १९७२ च्या सुमाराला दुष्काळ होता, धान्य-तेल-साखर मिळत नव्हतं, भाव भडकले होते. तेव्हा मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या वेगवेगळ्या पक्षांतल्या बाया महागाईविरुद्ध एकत्र आल्या. हजारो गृहिणी हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, थाळ्या वाजवल्या. तो लाटणे मोर्चा आजही लोकांच्या आठवणीत आहे. पुढे १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिची रीत साधी. शेजारपाजारच्या कुटुंबांनी मिळून एक संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, माल घाऊक भावाने एकदम यायचा आणि सभासदांनीच तो वाटून घ्यायचा.

आपला बचत गट म्हणजे असा तयार संघच आहे. आमच्या त्या गटातल्या बाराजणींनी मागच्या दिवाळीआधी हे करून पाहिलं. साखरेचा एक कट्टा, तूरडाळ, शेंगदाणे, तेलाच्या पिशव्यांचं एक खोकं, साबण. आधी पैसे गोळा केले, उधार कोणालाच नाही. दोघी जाऊन तालुक्याच्या तीन घाऊक दुकानांतून भाव लिहून आणल्या. तिथे मला मजा वाटली. पहिल्या दुकानाचा कागद दुसऱ्याला दाखवल्यावर त्याने डाळीचा भाव आपणहून खाली आणला!

पहिल्या खेपेला चूकही झाली. कट्टा आला तेव्हा वजन केलं नाही आणि वाटून झाल्यावर साखर किलोभर कमी पडली. गाडीत सांडली, की कट्ट्यातच कमी होती, की वाटताना सगळ्यांना ढळतं माप गेलं, कळायला मार्ग नव्हता. शेवटच्या बाईने तोंड वाकडं केलं ते दोन मीटिंगा सरळ झालं नाही. म्हणून माल उतरला की सगळ्यांसमोर तोलायचा, लिहायचा, मगच वाटायचा.

आणि याचा एक फायदा आम्ही धरलाच नव्हता. पुढच्या महिन्यात गावातला तोच दुकानदार मीटिंगमध्ये आला. म्हणाला, "ताई, बाराजणींची यादी रोखीनं मलाच द्या. तालुक्याचा भाव मी देतो, तुमचं गाडीभाडं वाचंल." आता तो गट गावातच माल घेतो. दुकानदाराचं गिऱ्हाईक राहिलं, बायांचे पैसे वाचले. भांडण झालं नाही, कोर्ट झालं नाही. त्याला फक्त एवढं कळलं, की या बायांना दुसरं दुकान माहीत आहे.

दुकानदारांनीच एकी केली तर? गावातल्या सगळ्यांनी बसून ठरवलं, की या भावाखाली कोणी विकायचं नाही? असं मिळून भाव ठरवणं २००२ च्या स्पर्धा कायद्याला मान्य नाही. आणि "हे घेतलंस तरच ते देतो" हेही ग्राहक कायद्यात बसत नाही. खताच्या दुकानात हे फार चालतं. युरियाची ४५ किलोची गोणी सरकारी भावाने २६६ रुपये ५० पैशांना आहे, पण सोबत नको असलेली दुसरी बाटली गळ्यात मारतात. घरच्या माणसांना सांगा, बाटली घ्यावीच लागली तर तिचंही वेगळं बिल मागा.

बिल आणि तक्रार

ग्राहक संरक्षण कायदा आधी १९८६ साली झाला. त्याला २४ डिसेंबर १९८६ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, म्हणून त्या दिवशी आपण राष्ट्रीय ग्राहक दिन पाळतो. आता २०१९ चा नवा कायदा आहे, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात ग्राहकाचे सहा हक्क दिले आहेत. त्यातला एक असा आहे, की शक्य असेल तिथे ग्राहकाला वेगवेगळा माल चढाओढीच्या भावात मिळाला पाहिजे. म्हणजे दुकानं फिरून भाव विचारणं हा आपला आगाऊपणा नाही, हक्क आहे.

याच कायद्यात बिल न देणं ही अनुचित प्रथा मानली आहे. सदोष निघालेला माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हेही अनुचित आहे. "विकलेला माल परत घेणार नाही" अशी पाटी लावली म्हणून ही जबाबदारी सुटत नाही.

तक्रार पायरीपायरीने करायची. पहिली पायरी, दुकानदाराशी बोलणं. पुष्कळदा तिथेच मिटतं. दुसरी, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिथे मराठीत बोलता येतं. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले किंवा काट्यात मारलं, तर वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार करायची. त्याची कार्यालयं जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. तिसरी पायरी, जिल्हा ग्राहक आयोग. माल किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथे चालते, आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. दुकान कुठल्याही गावात असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. बऱ्याच जणींची एकच तक्रार असेल तर आयोगाच्या परवानगीने मिळूनही करता येते.

पाच रुपयांसाठी कोणी आयोगात जाणार नाही, जाऊही नये. पण शिलाई मशीन सदोष निघालं, मिक्सर महिन्यात जळाला, तर जायला हवं. स्वतःच्या पोटापाण्यासाठी शिलाई मशीन घेऊन त्यावर स्वतः काम करणारी बाईसुद्धा कायद्याने ग्राहकच आहे. तेव्हा हातात बिल असलं पाहिजे. बिल नसेल तर सगळं बोलणं हवेत जातं. कच्च्या चिठ्ठीवर दुकानाचं नाव नसेल, तारीख नसेल, तर तिला बिल म्हणू नका.

शेवटी एक आपल्याबद्दल. आपल्यातल्या किती तरी गट पापड, मसाला, शेवया विकतात. त्या वेळी काट्याच्या पलीकडे आपण असतो. आपल्या पाकिटावरही वजन, किंमत, तारीख, पत्ता आणि संपर्क हवा, अन्नाची नोंदणी हवी, वजन पुरेपूर हवं. जे आपण दुकानदाराकडे मागतो, ते आपल्याकडे मागणाऱ्या बाईला आधी मिळालं पाहिजे.

पुढच्या मीटिंगला एवढं करा

प्रत्येकीने घरातून एकाच पाच वस्तूंची पाकिटं आणा: चहा, साबण, तेल, टूथपेस्ट, बिस्किट. छापील किंमत, वजन आणि प्रत्यक्ष दिलेले पैसे एका मोठ्या कागदावर लिहा. कोण जास्त देतंय, ते सगळ्यांना दिसेल. जी जास्त देते तिला नावं ठेवू नका. तिला विचारा, वहीत किती आहे? आणि गटाच्या शिल्लकेतून तिची वही सोडवता येईल का, ते त्याच मीटिंगमध्ये ठरवा.

परवा काकी भेटल्या. म्हणाल्या, "ताई, काल दुकानात गेले आन् पयला भाव इचारला. त्यानं सांगितला. मी म्हणलं, बघते, आन् पुढं गेले." एवढं सांगून त्या जोरात हसल्या. मागच्या कित्येक वर्षांत त्या दुकानातून रिकाम्या हाताने पहिल्यांदाच बाहेर पडल्या होत्या, आणि त्याचा त्यांना केवढा आनंद झाला होता!

तुमच्या गटात काय निघालं ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात भेटूच. नमस्कार.